गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं

"बाबा, गाडी गप्प का झाली?"

मागच्या सीटवरून मुग्धाने विचारलं तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं. घाट संपला होता, लोणावळा मागे पडलं होतं, आता पुण्यापर्यंत सरळ रस्ता म्हणून मी जरा निवांत झालो होतो, आणि इंजिनाचा आवाज एकदम थांबला. खडखड नाही, धूर नाही, काही नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पाय नुसता खाली जात होता. स्टिअरिंग इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. आम्ही मधल्या लेनमध्ये होतो. आरशात मागून येणारा कंटेनर मोठा मोठा होत चालला होता. मी डावा इंडिकेटर लावला आणि उरलेल्या वेगावर गाडी कशीबशी कडेच्या पट्ट्यात आणून उभी केली. कंटेनर भोंगा वाजवत शेजारून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने अख्खी गाडी हलली.

"अगंबाई!" वृषाली म्हणाली. एरवी ती माझ्या शेजारी बसायची. त्या दिवशी मागे बसली होती, मुग्धाजवळ.

मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही उचलत नव्हतं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"बाबा, सांगा ना, का गप्प झाली?"

"दमली असेल," मी म्हणालो.

"आपण तिला पाणी देऊ."

टोलच्या पावतीमागे मदतीचा नंबर होता, त्यावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने आधी किलोमीटरच्या दगडावरचा आकडा विचारला, मग गाडीत किती माणसं आहेत ते. "तिघं. त्यातली एक लहान मुलगी." त्याबरोबर त्याचा आवाज बदलला. "साहेब, गाडीत कुणी बसायचं नाही. चारी दिवे लुकलुकत ठेवा. डाव्या दाराने उतरा आणि रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे राहा. गाडीच्या मागे तर अजिबात थांबू नका. पोरीचा हात सोडू नका."

मी वृषालीला सांगितलं. ती हलली नाही.

"बाहेर ऊन बघा किती आहे. इथे सावली आहे. बसू द्या ना आम्हाला थोडं."

"वृषाली, मागून कुणी ठोकलं तर..."

"थोडंच."

तेवढ्यात दगडांनी भरलेला एक ट्रक इतक्या जवळून गेला की खिडकीच्या काचा थरथरल्या. मुग्धाने कानांवर हात ठेवले. मग मात्र वृषालीने मुकाट्याने दार उघडलं, मुग्धाला कडेवर घेतलं आणि रेलिंग ओलांडली. डिकीत लाल त्रिकोण होता, आजवर कधी बाहेर काढला नव्हता. तो घेऊन मी येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेकडेने बराच मागे गेलो आणि रस्त्यावर मांडून आलो. परत येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. मे महिना होता.

मुग्धा आमची मुलगी नव्हती. हे वाक्य आजही माझ्या तोंडून पटकन निघत नाही, पण सांगायचं तर इथेच सांगायला हवं.

ती वृषालीच्या धाकट्या बहिणीची, रोहिणीची. रोहिणीला कोल्हापूरला दिलं होतं. बाळंतपणानंतर तिला ताप भरला तो उतरलाच नाही. उदय, तिचा नवरा, सुन्न होऊन बसला होता, आणि त्याची आई अर्धांगाने अंथरुणावर. बारशाच्या आधीच वृषाली त्या बाळाला घेऊन बदलापूरला आली. 'थोडे दिवस' असं ठरलं होतं. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर झाले होते, नवस झाले होते, आणि ते सगळं सोडून देऊनही झालं होतं. स्टेशनजवळ माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचो आणि संध्याकाळी ज्या घरी जायचो, तिथे घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. त्या घरात हे बाळ आलं. थोडे दिवस म्हणता म्हणता ते चालायला लागलं, बोलायला लागलं. वृषालीला आई म्हणालं, मला बाबा. उदय दोन-तीन महिन्यांनी यायचा, खेळणी आणायचा. त्याला ती पप्पा म्हणायची. आपल्याला बाबा आणि पप्पा दोन्ही आहेत याचं तिला काही वाटायचं नाही. उलट शेजारच्या पोरांना ती तोऱ्यात सांगायची.

त्या वर्षी माघात उदयने दुसरं लग्न केलं. नंतर एका रविवारी तो घरी आला, चहा संपल्यावर रिकामा कप बराच वेळ हातात धरून बसला आणि म्हणाला, "ताई, जूनमध्ये ती पहिलीत जाईल. कोल्हापूरच्या शाळेत नाव घालावं म्हणतो."

वृषालीने त्याच्या हातून कप घेतला. काय बोलणार? मुलगी त्याची होती. त्याने ती कधी नाकारली नव्हती आणि आम्हाला कायमची दिलीही नव्हती. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

ठरलं ते असं: आम्ही मुग्धाला घेऊन पुण्याला यायचं, उदयच्या नव्या बायकोच्या, कल्याणीच्या, माहेरी. तिथे दोन-तीन दिवस सगळ्यांनी एकत्र राहायचं, आणि मुलगी रुळली की आम्ही हळूच निघायचं. 'हळूच' हा शब्द कल्याणीच्या आईचा. मुग्धाला आम्ही एवढंच सांगितलं होतं की पुण्याला जायचं, मग पप्पांच्या घरी, मग रंकाळ्यावर भेळ. ती आदल्या दिवसापासून नाचत होती.

रेलिंगच्या पलीकडे उतार होता. वाळकं गवत, करवंदीच्या जाळ्या, खाली पालापाचोळ्याचा राब भाजून काळी झालेली भाताची खाचरं. वृषालीने पिशवीतली चादर काढून एका जाळीच्या आडोशाला अंथरली. मुग्धाच्या डोक्याला ओढणी गुंडाळली. डब्यात गुळाच्या पोळ्या होत्या, पुण्याला द्यायला म्हणून केलेल्या. तिने डबा उघडला.

"आई, ही पिकनिक आहे का?"

"हो."

"मग आपली गाडी रोज बंद पडली तर?"

वृषाली हसली. नंतर त्या दिवसात ती पुन्हा हसल्याचं मला आठवत नाही.

पोळी खाऊन मुग्धा जाळीत कच्ची करवंदं शोधायला लागली. वृषालीने तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अहो, उदयरावांना फोन करा. गाडी बंद पडली म्हणावं. आज काही जमत नाही."

"मग उद्या?"

"उद्याचं उद्या." आणि मग मुग्धाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "आजची रात्र घरी मिळेल."

मी बाजूला जाऊन फोन लावला. मला वाटलं होतं, उदय म्हणेल, काही हरकत नाही, पुढच्या रविवारी या. तो म्हणाला, "कुठे आहात दादा? एवढ्या उन्हात? ताई आणि मुग्धा रस्त्यावर उभ्या आहेत?"

"आहेत कडेला, सावलीत. तू धावपळ करू नकोस. गाडी लोणावळ्याला लावून आम्ही परत..."

"परत कशाला? इथवर आलात तर. मी आणि कल्याणी निघतोच. लोणावळ्याला बाहेर पडून तिकडून वळून येतो. तुम्ही हलू नका तिथून."

"अरे, नको..."

"दादा, त्यात काय. आपलीच माणसं."

फोन ठेवून मी वळलो. वृषाली माझ्याकडेच बघत होती. मला काही सांगावं लागलं नाही. तिने पिशवीतून कंगवा काढला, मुग्धाला समोर बसवलं, तिच्या दोन्ही वेण्या सोडल्या आणि पुन्हा घालायला घेतल्या. वाऱ्याने केस उडत होते, हातात राहत नव्हते. वेणी झाली की ती पुन्हा सोडायची. मुग्धा कुरकुरली, "आई, झाली की!" तरी ती विंचरतच होती.

मग गस्तीची गाडी आली. दोघं उतरले. एकाने बॉनेट उघडून पाहिलं, मला किल्ली फिरवायला लावली, आवाज ऐकला. "टायमिंगचा बेल्ट तुटलाय. इथे काही होणार नाही. टोचन लावून लोणावळ्याला न्यावी लागेल. पण टोचनची गाडी घाटात एका टेंपोपाशी अडकलीय, वेळ लागेल." दुसरा लाल झेंडा घेऊन आमच्या गाडीच्या बराच मागे, रेलिंगला लागून उभा राहिला. जाता जाता तो मुग्धाला म्हणाला, "बाळ, रेलिंगच्या आत यायचं नाही हं." मुग्धाने गंभीरपणे मान डोलावली.

उदयची पांढरी गाडी आमच्या गाडीच्या पुढे येऊन थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

कल्याणी आधी उतरली. मी तिला त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. सडपातळ, हळू बोलणारी. एका शाळेत शिवण शिकवायची. तिने थंड पाण्याची बाटली आणली होती, ओला टॉवेल आणला होता, लिंबाच्या फोडींना मीठ लावून आणलं होतं. आपण काय करायला आलो आहोत हे तिला कळत होतं आणि त्याची लाज वाटावी तशी ती चालत होती. रेलिंग ओलांडून ती मुग्धासमोर गवतात बसली.

"मुग्धा, पाणी हवं?"

मुग्धा तिच्याकडे बघत होती. कदाचित तिने बाटली घेतलीही असती. पण तेवढ्यात वर रस्त्यावर दोन कंटेनर एकामागोमाग भोंगे वाजवत गेले आणि ती दचकून वृषालीच्या गळ्यात पडली. दोन्ही हातांनी मान आवळून, तोंड खांद्यात खुपसून. कल्याणीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला, टॉवेलची घडी सारखी केली आणि वृषालीकडे पाहिलं. रागाने नाही. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेलं माणूस बघतं, तसं.

वृषालीनेही तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ.

"ताई, असं करू," उदय म्हणाला, "तुम्ही आणि मुग्धा आमच्याबरोबर चला. दादा गाडी गॅरेजला लावून बसने येतील संध्याकाळपर्यंत."

दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. मी डिकी उघडली. दोन बॅगा होत्या, एक वृषालीची आणि एक मुग्धाची. मुग्धाची फुगलेली, कारण तिच्यात पावसाळ्याचेही कपडे होते. मी दोन्ही बाहेर काढल्या.

"माझी राहू द्या," वृषाली रेलिंगपलीकडून म्हणाली.

"म्हणजे?"

"मी नाही जात."

झेंडेवाला ओरडला, "साहेब, दोन गाड्या इथे उभ्या नको! लवकर आवरा!"

मी रेलिंगपाशी गेलो. मुग्धा वृषालीच्या कडेवर होती. तिने तिला उदयच्या हातात दिलं, "करवंदं दाखव पप्पांना," असं म्हणाली आणि मला दोन पावलं बाजूला घेतलं.

"बघितलंत ना तुम्ही? मी असले की ती माझ्याच गळ्यात. दोन दिवसांनी तेच, दोन महिन्यांनी तेच. ती कल्याणी तशीच हात पुढे करून बसणार. आणि मग एक दिवस मुग्धा झोपलेली असताना आपण चोरासारखे निघायचं? उठल्यावर ती घरभर शोधेल मला. न्हाणीघरात बघेल, पलंगाखाली बघेल."

"आणि आता?"

"आता ती मला इथे बघेल. उभी. आई कुठे आहे ते तरी तिला माहीत असेल."

"वृषाली, दोन दिवस मिळतायत आपल्याला."

"मला मिळतायत," ती म्हणाली. "तिला त्याचं काय?"

मी तिला अडवायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज घरात भाजीचं सांगताना असतो तसा होता.

ती मुग्धापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

"मुगू, बाबांची गाडी बंद पडलीय ना? टोचनची गाडी येईपर्यंत गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं."

"बाबा आहेत की."

"एकटेच?"

मुग्धाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं देव जाणे. ती वृषालीच्या कानाला लागली, पण तिची कुजबुज नेहमी सगळ्यांना ऐकू यायची.

"बाबांना भीती वाटेल?"

"वाटेल थोडी."

तिने विचार केला. हातातलं करवंद या मुठीतून त्या मुठीत घेतलं.

"मग तू थांब," ती म्हणाली. "मी जाते पप्पांबरोबर. नाहीतर बाबा एकटे पडतील."

उदयने तोंड फिरवलं. वृषालीने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, कपाळावरची बट मागे सारली, एकदा तिच्या केसांचा वास घेतला. बस, एवढंच. जास्त केलं असतं तर मुलीला संशय आला असता. मग ती तिला उचलून रेलिंगपाशी आली. झेंडेवाल्याने लांबूनच हात केला, "बाई, तुम्ही पलीकडेच थांबा, आत येऊ नका!" म्हणून ती तिथेच थांबली. कल्याणी रेलिंगच्या अलीकडे येऊन उभी होती. वृषालीने मुग्धाला रेलिंगवरून तिच्याकडे दिलं. रेलिंगला पाय लागू नयेत म्हणून मुग्धाने ते वर उचलले आणि आधारासाठी कल्याणीच्या गळ्यात हात टाकले. कल्याणीने तिला इतकं जपून घेतलं की मला तिचा राग करायची होती नव्हती तेवढी सोयही उरली नाही.

"बाबा," मुग्धा तिच्या खांद्यावरून म्हणाली, "रेलिंगच्या आत यायचं नाही हं."

"नाही येणार," मी म्हणालो. मी तेव्हा आतच उभा होतो, तिची बॅग हातात घेऊन.

बॅग मी उदयच्या डिकीत ठेवली. त्याने माझे दोन्ही हात धरले. तो काहीतरी म्हणाला, पण ट्रक जात होता, ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

मुग्धाला मागच्या सीटवर बसवून कल्याणी परत रेलिंगकडे धावत आली.

"ताई! तिला झोपताना काय लागतं?"

वृषाली पलीकडे, कल्याणी अलीकडे, आणि शेजारून गाड्यांचा लोंढा. दोघींना ओरडून बोलावं लागत होतं.

"उशी नको!" वृषाली ओरडली. "पोटावर झोपते!"

"दूध?"

"साखर नाही घालायची! गार करून!"

"अजून?"

"काळोखाला घाबरते, पण तसं सांगत नाही! दार थोडं उघडं ठेव! कान दुखतो म्हणाली तर खरं मान, उगाच नाही म्हणत! आणि मध्येच उठली तर बोलायचं नाही काही! नुसता पाठीवर हात..."

एक टँकर गेला. कल्याणीने कानामागे हात धरला. "काय?"

"पाठीवर हात!" वृषाली जीव खाऊन ओरडली. स्वतःचा हात हवेत पालथा धरून तिने दाखवला. "पाठीवर! हात ठेवायचा!"

कल्याणीने मान हलवली. ती रडत होती. वृषाली नव्हती.

झेंडेवाल्याने शिट्टी वाजवली. गाडी निघाली. मागच्या काचेत मुग्धाचा चेहरा दिसला, मग तिचा हात. ती हात हलवत होती, सहलीला जाणारी मुलं हलवतात तसा, जोरजोरात. आम्ही दोघंही हात हलवत राहिलो. पुढे रस्ता किंचित वळतो. त्या वळणानंतर काही दिसेना. वृषालीचा हात मात्र वरच होता. मी रेलिंग ओलांडून गेलो आणि तो खाली घेतला.

टोचनची गाडी यायला आणखी बराच वेळ लागला. आम्ही चादरीवर बसून होतो. तिने डबा आवरला, चादर झटकली, पुन्हा अंथरली. एकदा ती उठून करवंदीच्या जाळीपाशी गेली आणि मुग्धा उभी होती तिथलं गवत बघत राहिली. ते दबलं होतं, हळूहळू सरळ होत होतं.

टोचनचा ड्रायव्हर जाडसर, बोलका माणूस होता. त्याने आमची गाडी पुढून उचलून साखळ्या लावल्या, हात पुसले आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "तिघंजण सांगितले होते मला. लहान मुलगी पण आहे म्हणाले. कुठाय?"

"गेली पुढे," वृषाली म्हणाली.

लोणावळ्यापर्यंत आम्ही त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून गेलो. गाडी गॅरेजला लावली आणि एसटीने, रेल्वेने, जे मिळालं त्याने बदलापूरला आलो. घरात शिरल्यावर वृषालीने आधी दिवा लावला नाही. दारातच उभी राहिली. मग आत जाऊन बाथरूमचा नळ पूर्ण सोडला, आणि नळाच्या आवाजात ती रडली. मी दाराबाहेर बसून राहिलो. बादली भरून वाहिली, पाणी दाराखालून माझ्या पायांपर्यंत आलं, तरी मी उठलो नाही.

उदयचा फोन आला. पोचलो म्हणाला, जेवली म्हणाला. "बाबांची गाडी झाली का, असं दोनदा विचारलं तिने. आता झोपलीय. कल्याणी बसलीय तिच्याजवळ."

आम्ही लगेच भेटायला जायचं नाही, असं वृषालीनेच ठरवलं. पावसाळा गेला. दिवाळीला कोल्हापूरला गेलो. मुग्धा उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते. आम्हाला बघून ती कल्याणीच्या मागे जाऊन उभी राहिली, मग हळूच बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी."

चहा करताना कल्याणी स्वयंपाकघरात वृषालीला म्हणाली, "ताई, मी नाही हो शिकवलं तिला. शप्पथ."

"माहितीय मला," वृषाली म्हणाली. "बरं झालं."

नंतर वर्षं गेली. आम्हाला मूल झालं नाही, आम्ही दुसरं आणलंही नाही. मुग्धा दर सुट्टीत दोन-चार दिवस येते. आता ती कॉलेजात आहे, इमारतींचे नकाशे काढायला शिकते. लहानपणी आपण मावशीकडे राहत होतो हे तिला माहीत आहे. सगळ्यांनी सांगितल्यामुळे माहीत आहे. ती कल्याणीला मम्मी म्हणते आणि फोनवर तिच्याशी भांडते, आपल्या आईशी भांडावं तसं. कल्याणीने तिचं सगळं छान केलं. वृषाली हे ज्याला त्याला सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मुग्धा आली होती. जेवणं झाली होती, वृषाली आंबे चिरत होती आणि मुग्धा फोडी उचलून खात होती. खाता खाता ती म्हणाली, "मावशी, मला एक आठवतं. खरं आहे की स्वप्न, काय माहीत. तुमची गाडी कुठल्यातरी मोठ्या रस्त्यावर बंद पडलीय. तू आणि काका कडेला उभे आहात, आणि मी काचेतून तुम्हाला हात करतेय. असं काही झालं होतं का?"

मी पेपर वाचत होतो. तो तसाच धरून ठेवला.

"झालं होतं," वृषाली म्हणाली. "बेल्ट तुटला होता."

"कुठे चाललो होतो आपण?"

"पुण्याला. फिरायला."

"मग परत कसे आलो?"

वृषालीने कोयीवरचा गर सुरीने काढला आणि बशीत ठेवला. "टोचनच्या गाडीतून. ड्रायव्हरशेजारी बसून."

"मी पण?"

"तू पण. माझ्या मांडीवर झोपली होतीस. घर येईपर्यंत उठली नाहीस."

"तरीच," मुग्धा हसून म्हणाली आणि तिने बशी स्वतःकडे ओढून घेतली, "मला पुढचं काहीच आठवत नाही."